जादा पाटा

आपल्या कामाविषयी अंकात लिहिणारी माणसं बहुतेक काम संपवून, खुर्चीत टेकून लिहितात. माझं तसं नाही. मी विट्याला कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीच्या दिवशी, आणि खरं सांगायचं तर कधी कधी तास बुडवूनसुद्धा, आमची पिकअप भाड्यानं चालवते. त्यामुळे हे लिहावं की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. एवढ्याशा अनुभवानं कुणी जाणकार होत नाही. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि घरच्या बायकांत स्टिअरिंग धरलेलीही मीच पहिली. यातल्या दुसऱ्या गोष्टीत मला जरा जास्त कळतं असं वाटतं, म्हणून तेच लिहिते.

विटा, खत, द्राक्षाचे क्रेट, मांडववाल्याच्या खुर्च्या, मिळेल ते आम्ही नेतो. गाडी घेतली मात्र मेंढरांसाठी. आमच्याकडं, म्हणजे खानापूर-आटपाडीच्या कोरड्या अंगाला, धनगरांची बरीच घरं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं चरतात, रात्री शेतकरी सांगेल त्या रानात बसतात. त्याला खत मिळतं, आपल्याला धान्य आणि चारा. मेंढरं, माणसं, कुत्री, कोंबड्या आणि भांडी असं सगळं मिळून जे चालतं त्याला आम्ही वाडा म्हणतो. पूर्वी या वाड्याचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. बायका घोडी घेऊन पुढं जायच्या, नव्या रानात चूल मांडायच्या, आणि पुरुष मेंढरं हाकत मागनं यायचे.

आता रस्ते रुंद झाले. रुंद रस्त्यावरनं मेंढरं नेणं म्हणजे प्रत्येक हॉर्नला काळजात धस्स. गाभण मेंढी तर चालून आधीच थकलेली असते. म्हणून जड झालेल्या मेंढ्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि गुडघे दुखणाऱ्या बायका गाडीतनं पुढं पाठवायच्या आणि बाकीचा कळप चालत न्यायचा, अशी नवी पद्धत पडली आहे. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, शेवटचं घोडं विकलं आणि त्या वर्षी जुनी डिझेल पिकअप घेतली.

गाडी पसंत केली ती तात्यांनी. तात्या आबांचे धाकटे भाऊ. लष्करात ट्रक चालवून निवृत्त झाले. त्यांच्या मराठीत अजून मधेच हिंदी येतं, आणि गाडीची गोष्ट निघाली की ते उभं राहून बोलतात. गाडी अंगणात आली तेव्हा आबांचं म्हणणं होतं की आधी मागच्या फळीवर बिरोबाचं नाव रंगवून घ्यावं.

"नावानं गाडी थांबत न्हाई, दादा," तात्या म्हणाले. "लायनर बदलल्यावर थांबती."

"मंग काय नावच घालू नगो म्हंतोस?"

"घाल की. आधी ब्रेक, मंग बिरोबा. देवाला बी तेवढंच काम कमी."

जुनी गाडी घेणाऱ्या कुणी हा लेख वाचला तर तात्यांचं एक वाक्य त्यानं लक्षात ठेवावं असं मला वाटतं. ते म्हणाले, "जुनी गाडी खोटं बोलती. आधी तिला खरं बोलाय लावायचं." खरं बोलायला लावणं म्हणजे तिच्यातलं जुनं तेलपाणी सगळं काढून टाकणं. इंजिनचं ऑईल काढलं तर ते डांबरासारखं आलं. एअर फिल्टर झाडला तर आमच्या तालुक्यातला सगळा रस्ता त्यातनं पडला. डिझेल फिल्टरच्या बुडाला एक बारीक स्क्रू असतो. तो सैल केला की डिझेलमधलं खाली बसलेलं पाणी निघून जातं. तो स्क्रू बहुधा गाडी कारखान्यातनं निघाल्यापासून कुणी सैल केलाच नव्हता, पान्ह्यानंसुद्धा हलेना.

सगळ्यात वाईट रेडिएटर. त्यातनं निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि त्यात पांढरे खवले होते. तसले खवले मी ओळखत होते. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, अंघोळीच्या बंबात तेच साठतात. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. आमच्याकडं सगळेच तसं करतात, कारण पाणी म्हणजे पाणी. तात्यांनी रेडिएटर गॅरेजात नेऊन साफ करून आणला आणि त्यात दुकानातनं आणलेलं हिरवं कुलंट भरलं. आई दारात उभी राहून बघत होती.

"आमाला प्यायला टँकरचं," ती म्हणाली, "अन् हिला बाटलीचं!"

हौद्याचं काम आबांनी मनावर घेतलं. हौदा म्हणजे मागची माल भरायची जागा. तळाला नुसता पत्रा होता. मेंढरांच्या मुतानं तो ओला झाला की त्यांचे पाय फाकतात. आबांनी त्यावर जाड रबरी मॅट टाकली आणि वर उसाचं पाचट पसरायचं ठरवलं. बाजूच्या जाळीचे गज जोडताना वेल्डर टेप शोधत होता, तर आबांनी मूठ पुढं केली. कोकराचं डोकं मुठीएवढं असतं, दोन गजांत मूठ शिरता कामा नये. वेल्डरनं प्रत्येक गजाला आबांची मूठ लावून बघितली. त्या दिवशी आबा घरी आले तेव्हा बोटं काळी झाली होती आणि ते फार खुशीत होते.

माझ्या वाट्याला सकाळचं काम आलं. गाडी सुरू करायच्या आधी खाली वाकून बघायचं, जमिनीवर काही ठिबकलंय का. मग ऑईलची काडी, कुलंटची टाकी, टायर, पट्टा. हे सगळं झाल्याशिवाय तात्या किल्ली देत नसत. कॉलेजात पेपर लिहिताना नखातलं ग्रीस दिसू नये म्हणून मी बोटं मुडपून बसत असे. आता बसत नाही.

आणि मग पाटा आला.

गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एक चवड असते. लांब पट्टी वर, तिच्याखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. त्यांना कमानपाटे म्हणतात. वजन पडलं की ते वाकतात, खड्डा गेला की परत उभारतात. आमच्या भागात जुनी पिकअप घेतली की पहिल्या महिन्यात एक काम प्रत्येक जण करतो. मागं दोन्हीकडं एकेक पाटा जादा चढवतो. त्यानं गाडी मागनं उचलली जाते, जास्त माल भरला तरी बसत नाही. पाटा न चढवलेली पिकअप म्हणजे कमरेत वाकलेला माणूस, असं लोक मानतात. विट्याच्या कमानपाटेवाल्यानंही गाडी दारात लावल्या लावल्या काही न विचारता जॅक लावला होता. तात्यांनी मान डोलावली. लष्कराचा ट्रक वजन ओढायलाच बांधलेला असतो, त्यांच्या हाताला तीच सवय.

पाटा चढवल्यावर आम्ही विटा भरल्या, तेव्हा भट्टीवाला गाडीभोवती फिरून म्हणाला होता, "वाकतच न्हाई गड्या ही!" आम्हाला किती अभिमान वाटला! टायरमध्येही तात्या पूर्ण वजनाची हवा भरत. मुठीनं ठोकलं की दगडासारखा आवाज यायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर मेंढरांचं पहिलं भाडं आलं ते भिवामामांचं. मामा आईच्या गावचे, म्हणून मामा. त्यांना मूलबाळ नाही. घरात ते आणि हौसामामी, आणि वाडा. चालत्या कळपामागं त्यांचा पुतण्या असायचा. त्यांच्या गाभण मेंढ्यांचे दिवस भरत आले होते. त्या कोकरांवर मामांचं पुढचं सगळं वर्ष उभं असतं. मामांनी एकेक मेंढी स्वतः उचलून हौद्यात ठेवली. मामी आणि ते माझ्या शेजारी केबिनमध्ये बसले. पठारावरनं खाली उतरून पलूस, मग भिलवडीचा पूल ओलांडून आष्ट्याच्या अलीकडं त्यांचं रान होतं.

मी गाडी जोरात चालवली नव्हती. पण त्या वाटेवर ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्ता उखडलेला असतो, आणि प्रत्येक गावानं आपापल्या मनानं स्पीडब्रेकर बांधलेले असतात. प्रत्येक ब्रेकरला मामा मागच्या काचेतनं वळून बघायचे. "हळू गं पोरी," म्हणायचे. मी हळू करायची. पोचल्यावर सगळ्या मेंढ्या आपल्या पायांनी उतरल्या. एकीलाही खरचटलं नव्हतं. मामींनी मला खोबरं-गूळ दिला. मी घरी येऊन तात्यांना सांगितलं, लय झ्याक झालं.

आठवड्याभरात मामींचा आईला फोन आला. आईचा चेहरा बघून मी जवळ गेले.

"टाकाय लागल्यात," आई फोन बाजूला धरून म्हणाली.

मेंढी गाभ टाकते म्हणजे दिवस भरायच्या आधीच कोकरू मेलेलं बाहेर येतं. एका वाड्यात एखादी टाकतेच. पण मामांच्या मेंढ्या एकीमागून एक टाकत होत्या, आणि त्या सगळ्या माझ्या गाडीतनं गेलेल्या होत्या. रविवारी आई आणि मी तिथं गेलो. मामी मेंढ्यांच्या कासा पिळून दूध मातीवर सोडत होत्या. प्यायला कोकरूच नव्हतं, आणि दूध तसंच ठेवलं तर कास सुजते. मामी मान वर न करता काम करत राहिल्या. पांढरी रेघ मातीत जिरत होती. मला तिकडं बघवेना आणि दुसरीकडं तरी कुठं बघावं ते कळेना.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन गेले होते. त्यांना आजाराची खूण दिसली नव्हती. त्यांनी मामांना एकच विचारलं होतं, प्रवासात हादरे बसले का?

मामांनी मला बसायला घोंगडं टाकलं. चहा दिला. मी विचारलं, "मामा, गाडीमुळं झालं का वो?"

"कुनाला ठावं," ते म्हणाले आणि उठून मेंढरांकडं गेले.

ते ओरडले असते तर मला सोसलं असतं. त्यानंतर त्यांनी गाडी बोलावली नाही. एका रानातनं दुसऱ्या रानात जाताना मामी दुखऱ्या गुडघ्यानं चालत गेल्या, हे मला आईकडनं कळायचं.

काय चुकलं ते मला समजत नव्हतं. वेग कमी होता, जागा मोकळी होती, मॅट होती, पाचट होतं. शेवटी मी तात्यांना म्हणाले, "आज तुमी चालवा. मी मागं बसते."

"येडी का काय तू? मागं कशाला?"

"बघायचं हाय."

आमच्या घरच्या थोड्या मेंढ्या भरल्या आणि मी त्यांच्यात उकिडवी बसले. गावाबाहेर पहिला ब्रेकर आला आणि माझे दात एकमेकांवर आपटले. केबिनमध्ये बसून तो ब्रेकर मी कितीतरी वेळा ओलांडला होता. तिथं तो नुसता हेलकावा वाटायचा. मागं मात्र गाडी खालनं लाथ मारत होती. मेंढ्या पाय फाकवून, माना खाली घालून उभ्या होत्या. मी आमच्या एका पोटुशा मेंढीच्या पोटाखाली हात धरला. प्रत्येक खड्ड्याला ते पोट माझ्या तळहातावर आदळत होतं आणि परत वर हिसकलं जात होतं. आतलं जे होतं ते कशालाच धरून नव्हतं. मी ओरडून गाडी थांबवली.

मी उतरले. तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या ट्रकमदी मागं जवान बसायचे. त्येंनी कवा तक्रार केली न्हाई."

"जवानांना तक्रार करायची परवानगी हुती का, तात्या?"

मग ते स्वतः मागं चढले आणि मला चालवायला सांगितलं. दुसऱ्या ब्रेकरच्या आतच मागनं पत्र्यावर धडाधड थापा पडल्या. खाली उतरले ते कंबर धरून, आणि बराच वेळ मागच्या चाकाजवळ बसून त्या पाट्यांकडं बघत राहिले.

"मेंढरांनी गाडी भरली तरी विटांच्या निम्मं वजन न्हाई," ते अखेर म्हणाले. "पाटा वाकाय वजन पायजे. वजनच न्हाई तर त्यो वाकंल कशाला? समदा दणका त्येंच्या पोटात."

इतकं साधं होतं ते. जड मालासाठी गाडी ताठ केली होती आणि तिच्यात हलका, जिवंत माल भरला होता. आमच्याकडच्या प्रत्येक पिकअपमध्ये हेच चाललं होतं आणि कुणी मागं बसून बघितलं नव्हतं.

पाटा काढायचा म्हणजे विटांचं भाडं सोडायचं. विटा वर्षभर असतात, मेंढरं हंगामात. मी आबांकडं बघितलं. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"विटा वढायला गावात गाड्या हायती," ते म्हणाले. "बकऱ्याला कोन हाय?" आमच्यात मेंढराला बकरंच म्हणतात.

कमानपाटेवाला आम्हाला बघून हसायलाच लागला. "पाटा चढवाय रांग असती हितं. काढाय आलेलं गिऱ्हाईक म्या जन्मात बघितलं न्हाई. अन् ते बी मेंढराच्या कमरंसाठी!"

"तू काढ रं," तात्या म्हणाले. "हसायचं काय न्हाई त्यात. मागं बसून आलोय म्या."

त्यानं जादा पाटे काढले. उरलेले पाटे सुटे करून गंज घासला, मधे ग्रीस भरलं. कोरडे पडलेले रबरी बुश आणि मेलेले शॉकअप बदलले. हवा आम्ही मालाच्या वजनाप्रमाणं ठेवायला लागलो. जुन्या गाडीत लोक आधी दिवे, टेप आणि बंपर बदलतात. मला विचाराल तर आधी गाडीच्या मागं बसून बघा, मग ठरवा.

हे सगळं झालं, पण मामांना त्याचा काही उपयोग नव्हता. मृगाच्या आधी त्यांचा वाडा परत निघाला तो मोठ्या रस्त्यानं चालतच. एका वळणावर भरधाव गाडी कळपात घुसली. काही मेंढरं गेली. मामा हातभर अंतरानं वाचले. पावसाळ्यात ते आमच्याकडं आले आणि आबांना म्हणाले की यंदा खाली जाणं नाही, सगळी मेंढरं विकून टाकायची. व्यापारी येऊन बघून गेला होता. पुढच्या बाजारात कळप उभा करायचा होता.

"अन् मंग करनार काय?" आबांनी विचारलं.

मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. लहानपणापासून मेंढरांमागं चाललेला माणूस, त्याला दारात बसवून काय करणार, हा प्रश्न तिथं बसलेल्या सगळ्यांना दिसत होता.

मी बोलावं की नको ते कळत नव्हतं. तरी म्हणाले, "मामा, गाडीचं काम करून घेतलंय. पाटा काढलाय. येकदा बघा की."

"गाडीत न्हाई."

"आवं, पोर येवढं म्हंती तर—" मामी म्हणाल्या.

"म्हणायला काय जातंय? गाभ माझ्या बकऱ्याचा गेला."

ते खरंच होतं. मी म्हणाले, "मग तुमीच मागं बसा, मामा. बकऱ्यात. मी चालवते. तुमच्या मनाला न्हाई आलं तर पत्र्यावर थाप मारा. मी थांबीन. तितंच उतरवू, अन् तितनं चालत नेऊ. मी बी चालीन."

मामांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मग तात्यांकडं. तात्या म्हणाले, "म्या बसलोय मागं, भिवा. आधी बी अन् नंतर बी."

"येक खेप," मामा म्हणाले. "नेहमीपरास येक बी जादा टाकली तर मी समदी बाजारात नेनार. परत कुनी बोलायचं न्हाई."

दिवाळीनंतर, उन्हं चढायच्या आत, आम्ही निघालो. मेंढ्या कमी भरल्या, जेवढ्या एकमेकींना टेकून उभ्या राहतील तेवढ्याच. फार मोकळी जागा असली तरी त्या घरंगळतात, हे आम्ही तोवर शिकलो होतो. मामा घोंगडं पसरून मधोमध बसले. मामी माझ्या शेजारी. तात्या दुसऱ्या गाडीनं मागनं यायला तयार होते, मामा नको म्हणाले.

मी इतकी हळू कधी चालवली नव्हती. प्रत्येक ब्रेकरला आधी एक चाक, मग दुसरं, असं तिरकं चढवत होते. मागं उसाचे ट्रॅक्टर साचले. एक मोटरसायकलवाला शेजारनं जाताना ओरडला, "ताई, बैलं जुपायची राह्यली काय गं?" मामी खिडकीतनं त्याला काही तरी म्हणाल्या, ते इथं लिहिता येणार नाही.

पलूसच्या पुढं पत्र्यावर थाप पडली.

मी गाडी कडेला घेतली. मामी खाली उतरल्या, मी नंतर उतरले. मामा एका मेंढीच्या काखेत हात घालून तिला उभी करत होते.

"बसली हुती खाली," ते म्हणाले. "बाकीच्या तुडवत्याल तिला." मग मला अजून तिथंच उभी बघून म्हणाले, "चल की. काय बघतीस?"

आष्ट्याच्या अलीकडच्या रानात पोचल्यावर त्यांनी एकेक मेंढी उतरवली आणि प्रत्येकीच्या पोटाखालनं हात फिरवला. मी विचारलं, "कसं वाटतंय मामा?"

"आत्ता काय कळतंय? बघू," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. वर्गात बसायचे आणि फळ्यावरचं एक अक्षर डोक्यात जायचं नाही. फोन करायचीही सोय नव्हती. आमच्यात गाभण मेंढ्यांची चौकशी कुणी करत नाही. विचारलं की नजर लागते म्हणतात. मी या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, निदान कॉलेजात तरी ठेवत नाही. पण फोन हातात घेतला की बोट थांबायचं. आई मामींशी बोलायची तेव्हा पाऊसपाणी, गुडघा, कुत्र्याची पिल्लं, सगळ्यावर बोलायची, तेवढं सोडून.

शेवटी एका रविवारी मी गाडी काढली आणि कुणाला न सांगता गेले.

रानाच्या कडेला मामा पाठमोरे दिसले. हातात टिकाव होता. बांधाजवळ एक लहानसा खड्डा काढला होता आणि शेजारी पोत्याच्या तुकड्यात काही तरी गुंडाळून ठेवलं होतं. मी जागीच उभी राहिले. पुढं जावं की परत फिरावं ते कळेना. त्यांनी ते पोतं खड्ड्यात ठेवलं, पायानं माती लोटली, वर बाभळीची फांदी टाकली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मग त्यांना मी दिसले.

"किती, मामा?" मी विचारलं.

"येकच."

"मामा, मी... मग तुमी..."

"ती तांबड्या कानाची हाय बग," त्यांनी कळपाकडं हात केला. "ती दरसाली टाकती. मागल्या वर्साला टाकली, त्याच्या आदल्या वर्साला टाकली. गाडी नसताना बी टाकायची. तिचं गाडीवर घिऊ नगंस."

मामींनी मेंढरांभोवती जाळं लावलं होतं. त्याच्या आतनं आवाज येत होते, बारीक, चिरके, एकावर एक. मी तिकडं वळले. मामी एका मेंढीला हातानं थोपवून तिच्याखाली कोकरू लावत होत्या. दुसरी कोकरं त्यांच्या लुगड्याभोवती हुंदडत होती. माझ्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. तोंड फिरवायला जागा नव्हती, म्हणून मी खाली वाकून उगीच चप्पल नीट केली.

मामांनी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. ते जवळ येऊन उभे राहिले, पण माझ्याकडं न बघता.

"गेल्या बारीचं मातूर गाडीचंच हुतं," ते म्हणाले.

"व्हय, मामा."

त्यांनी हात धोतराला पुसले. "सोमवारी तळ हालवायचाय. भिलवडीच्या पल्याड. ऊन तापायच्या आत ये, अन् पाचट जास्ती टाक. आता कोकरं बी हायती."

"येते," मी म्हणाले.